सिबिल वाढवायला घेतलेलं कार्ड

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या अंगाला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. लॉकडाऊनमध्ये ते बंद पडलं आणि मोटारसायकलचे हप्ते थकले. २०२१ मध्ये फायनान्सवाल्यांनी २२ हजारांच्या बाकीवर १२ हजारांत मिटवून घेतलं. मला वाटलं, सुटलो. पुढं वाइंडिंग मशीनसाठी कर्ज मागायला बँकेत गेलो, तेव्हा साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातली माझी पत सांगणारा आकडा, ५९१, आणि त्या मोटारसायकलसमोर ‘सेटल्ड’. मिटवलेलं कर्ज म्हणजे फेडलेलं कर्ज नाही, हे मला तिथं कळलं.

येळवस, आमच्याकडचा शेतातला अमावस्येचा सण, दोन दिवसांवर होती. ओळखीतल्या एकानं एका पोराकडं धाडलं. ‘सिबिल दुरुस्ती’ असा बोर्ड, आत एक टेबल, दोन मोबाइल. पोरगं मोठं गोड बोलायचं. “कामून टेन्शन घ्यायलालात मामा, एक क्रेडिट कार्ड घ्या, वापरा, सहा महिन्यांत साडेसातशे.” फी विचारली तर म्हणाला, “लाइफटाइम फ्री.” स्वतःचे मात्र ३,५०० रुपये रोख घेतले, पावती नाही. ओटीपी आले तसे माझ्याच मोबाइलवरून त्यानंच टाकले. मी चहा पीत बसलो होतो. यात माझी चूक नाही असं मी म्हणणार नाही.

कार्ड आलं. मर्यादा २० हजार. पहिलं बिल पोरीनं वाचून दाखवलं. वार्षिक फी ४,९९९, त्यावर १८ टक्के जीएसटी ९००. म्हणजे मी एक रुपयाचं सामान घेण्याआधीच कार्डावर ५,८९९ रुपये चढलेले. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवा असं सगळे सांगतात, ते तीस टक्के फीनंच खाऊन टाकले होते.

पोराला फोन केला. “पैसे वाया नाही जायलेत मामा, जेवढा वापर तेवढा स्कोअर वर. आणि बिल पूर्ण भरू नका, मिनिमम, म्हणजे किमान लागतं तेवढंच भरा. बँकेला चार पैसे सुटले की ती खूश राहते.” हे वाक्य मी खरं मानलं. रब्बीचा हंगाम, व्होल्टेज कमी, रोज जळालेल्या मोटारी दुकानात. कार्डावर ११ हजारांची तांब्याची तार उचलली. बाकी झाली १६,८९९.

मिनिमम भरले ८४५. पुढच्या बिलात व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून सातशेच्या आसपास लागले. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचे ४२, हा हिशोब सावकारालाही लाजवणारा आहे. शिवाय बाकी मागं राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. चार महिने भरत राहिलो, बाकी सहाशेच रुपयांनी हलली. पोराचा फोन लागेना.

शेवटी स्कोअर पाहिला. ५७४! माझ्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल उघडला तर कारण समोर होतं. कार्ड जवळपास भरलेलं, आणि त्या पोरानं एकाच आठवड्यात चार ठिकाणी माझ्या नावानं अर्ज टाकलेले. प्रत्येकाची चौकशी अहवालात चिकटलेली. अहवाल मात्र फुकट मिळाला, तेवढं एक बरं. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. मी साडेतीन हजार कशाचे मोजले, हा प्रश्न बायकोनं विचारला. उत्तर नव्हतं. खरी नोंद पैसे घेऊन कुणालाच पुसता येत नाही. चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

बायकोची भिशी फुटली, त्यातून कार्डाची सगळी बाकी भरली आणि कार्ड बंद करायचा अर्ज लेखी दिला. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड. मी तसं अर्जात लिहिलं, सहाव्या दिवशी मेसेज आला. कुठल्याही कार्डाच्या अर्जासोबत फी आणि व्याज सांगणारा एक पानाचा कागद द्यावा लागतो. तो मी मागितलाच नव्हता, आता मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो मागायला सांगतो.

मोटारसायकलचे उरलेले १० हजारही भरले, नाहरकत घेतली, अहवालात ‘सेटल्ड’ जाऊन ‘क्लोज्ड’ लागायला दीड महिना गेला. मग बँकेत १५ हजारांची ठेव ठेवून तिच्यावर बिनफीचं कार्ड घेतलं. त्यावर फक्त दुकानाचं लाइट बिल भरतो आणि बिल आलं की पूर्ण फेडतो. आज स्कोअर ६४८ आहे. साहेब म्हणतात, दिवाळीनंतर या.

मशीन अजून आलेलं नाही. तार हातानंच गुंडाळतोय.