मागे तान्हं बाळ: जुनी गाणी पेनड्राइव्हवर की ॲपवर?

सोलापूर-पुणे गाडीनं साधारण अडीचशे किलोमीटर, मागच्या सीटवर बाळ. नव्वदच्या दशकातली इंडिपॉप गाणी कशावर लावायची?

पेनड्राइव्हचा खर्च एकदाच. 128 केबीपीएसचं (सेकंदाला 128 किलोबिट) चार मिनिटांचं गाणं जेमतेम 4 एमबी, म्हणजे शंभर गाणी 400 एमबीत बसतात. पेनड्राइव्हचा फॉरमॅट (फाइली साठवायची पद्धत) मात्र फॅट32 ठेवा. एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट बऱ्याच गाड्यांचे प्लेयर वाचतच नाहीत. मग पूर्ण रस्ताभर नुसतं ‘एरर’.

फुकटच्या ॲपवर निवड अफाट. पण वाटेतल्या टेंभुर्णीच्या आसपास बाळाचा डोळा लागतो न लागतो तोच जाहिरात दणकते. फोन आला की गाणं बंद, रिंग चालू!

आवाज दोन्हीत सारखाच जपायचा: फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग) पूर्ण पुढे, मागचे स्पीकर गप्प.

लांब पल्ल्याला पेनड्राइव्हच. सोलापुरातल्याच सिद्धेश्वर तलावापर्यंत चक्कर असेल तर ॲप पुरे.