‘एलव्हीएल’चे खांब म्हणून प्लायच्या पट्ट्या विकल्या: गिरगावातल्या आमच्या वाचनालयाचा अनुभव

जुन्या चाळीत, वाचनालयात किंवा दुकानात पोटमाळा करणार असाल आणि कोणी ‘लॅमिनेटेड लाकडाचे खांब’ देऊ करत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचं वाचनालय गिरगावात, एका चाळीच्या तळमजल्यावर आहे. दिवाळी अंकांचे बांधीव खंड खालच्या ओलीने खराब होत होते, म्हणून ते वर ठेवायला पोटमाळा करायचा ठरला. परवानगी घेतली, स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून नकाशा करून घेतला. खांब चार इंच बाय चार इंच, उंची आठ फूट. नकाशावर स्पष्ट लिहिलं होतं: एलव्हीएल (लाकडाचे पातळ थर एकाच दिशेने चिकटवून केलेलं, भार घेणारं लाकूड), आयएस १४६१६ (त्याचं भारतीय मानक).

पुस्तकांचं वजन लोकांना जाणवत नाही. आपल्या मानकात राहत्या घराच्या जमिनीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात. पुस्तकांचे रॅक असलेल्या खोलीसाठी तोच आकडा ६ किलोन्यूटनपासून सुरू होतो. हा सगळा भार आमच्या खांबांवर येणार होता आणि हे पुरवठादाराला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

माणूस गोड बोलणारा. मोबाइलवर नॉर्वेतल्या म्योस्टॉर्नेट इमारतीचे फोटो दाखवले. ‘साहेब, अठरा मजले लाकडावर उभे आहेत, तुमचा तर माळा आहे.’ ती इमारत खरी आहे. २०१९ साली पूर्ण झाली, उंची ८५.४ मीटर, आणि तिचे खांब खरोखरच चिकटवलेल्या लाकडाचे आहेत. सोबत एका युरोपीय प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली. बिलावर ‘एलव्हीएल पोस्ट’ असं लिहून दिलं. खांब आले तेव्हा चारी बाजूंनी सुंदर सागाचं व्हिनिअर लावलेलं, वरच्या-खालच्या तोंडांवरही पट्टी चिकटवलेली. आत काय आहे ते दिसण्याची एकही जागा त्याने ठेवली नव्हती.

पावसाळा सुरू झाला आणि माळ्यावरच्या कपाटाचं दार लागेना. मग एका खांबाच्या पायथ्याशी व्हिनिअर फुगलं. नकाशा करणाऱ्या इंजिनीअर ताईंना बोलावलं. त्यांनी खांबाला वरपासून खालपर्यंत दोरी ताणली, तर मध्यावर बोटभर फट. त्यांनी आधी सगळी पुस्तकं खाली घ्यायला लावली, लोखंडी प्रॉप, म्हणजे तात्पुरते टेकू, लावून घेतले आणि मग एक खांब काढून आडवा कापला.

आत साध्या प्लायवूडच्या पट्ट्या होत्या. १८ मिलिमीटरच्या सहा पट्ट्या पांढऱ्या गोंदाने एकमेकींना चिकटवून मधेमधे खिळे मारलेले. एका पट्टीवर आयएस ३०३ आणि ‘एमआर’चा अर्धवट शिक्का होता, म्हणजे घरातल्या फर्निचरसाठीचा प्लाय.

ताईंनी जे समजावलं ते लिहिल्याशिवाय या फसवणुकीचं गांभीर्य कळणार नाही. लाकूड रेषांच्या दिशेने दाबलं तर भरपूर भार घेतं, रेषांना आडवं दाबलं तर चेपतं. युरोपात चिकटवलेल्या लाकडाचा जीएल २४ एच नावाचा नेहमीचा दर्जा आहे. त्याची दाब सोसण्याची मानक ताकद रेषांच्या दिशेने २४ मेगापास्कल, आडवी फक्त २.५. एलव्हीएलमध्ये सगळे पातळ थर खांबाच्या लांबीच्या दिशेने बसवतात. प्लायवूडमध्ये मात्र एक थर उभा, एक आडवा. कपाटाच्या फळीला ते चांगलं, कारण ती वाकडी होत नाही. पण तोच प्लाय खांब म्हणून उभा केला की जवळजवळ निम्मे थर नावालाच उरतात. जाडी चार इंचांची दिसते, भार घेणारं लाकूड त्याच्या निम्मं.

याहून वाईट गोष्ट गोंदाची. उंच, बारीक खांब बहुतेक वेळा चुरडून जात नाही, तो आधी बाजूला वाकतो. वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. खांब मधोमध उकलून त्याचे दोन सुटे भाग झाले, तर वाकण्याआधी तो जितका भार सोसू शकला असता त्याच्या चौथा हिस्साच उरतो. तीन भाग झाले तर नववा. आमच्या खांबाच्या सहाही पट्ट्या पूर्ण सुट्या झाल्या असत्या तर छत्तिसावा. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच, पण खांब खांब राहत नाही. पांढरा गोंद सततच्या भाराखाली हळूहळू सरकतो आणि दमट हवेत मऊ पडतो. फर्निचरच्या सांध्याला तो चालतो, भार घेणाऱ्या खांबाला चालत नाही. तिथे फिनॉल किंवा रिसॉर्सिनॉल जातीचा, पाण्याला न जुमानणारा गोंद लागतो.

त्यात मुंबईचा पावसाळा. लाकूड भिजलं की सर्वांत जास्त घटते ती दाब सोसण्याचीच ताकद. पूर्ण ओल्या लाकडात ती सुक्याच्या साधारण निम्मी राहते. आमचे खांब थेट लादीवर उभे केले होते. लाकडाचं कापलेलं तोंड पाणी सर्वांत जास्त ओढतं, त्यामुळे धुतलेल्या लादीचं पाणी तिथूनच वर चढलं. नकाशात खाली लोखंडी बूट, म्हणजे खांब लादीपासून उचलून धरणारी बैठक, दाखवला होता, तोही पुरवठादाराने गाळला. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने हे केलं याचा मला आजही संताप येतो. त्या माळ्याखाली संध्याकाळी शाळेची मुलं अभ्यासाला बसतात.

खरं लॅमिनेटेड लाकूड वाईट नाही, हे मुद्दाम सांगते. ऑटो हेट्झरने १९०६ साली जर्मनीत त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून जगभर ते भार घेत आलं आहे. म्हणूनच त्याचं नाव विकलं जातं.

तेव्हा खांब घेताना व्हिनिअर लावण्याआधीचा माल बघायला मागा आणि तुमच्यासमोर एक तुकडा कापून घ्या. लांब बाजूची कड नीट पाहा. प्लाय असेल तर एकाआड एक गुळगुळीत आणि खरखरीत पट्टे दिसतात, एलव्हीएलची कड एकसारखी असते. तुकडा घरी पाण्यात उकळा. मरीन प्लायसाठीच्या मानकात तर ७२ तास उकळण्याची चाचणी आहे. आमचे उरलेले तुकडे पहिल्या उकळीतच उकलायला लागले. आयएसआय शिक्का असेल तर त्यावरचा मानक क्रमांक वाचा, आणि सीएमएल परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. झेरॉक्सवरचं कंपनीचं नाव आणि मालावरचं नाव एकच आहे का, तेही बघा. आम्हाला दिलेलं प्रमाणपत्र भलत्याच कारखान्याच्या भलत्याच मालाचं निघालं.

पुरवठादार आधी ‘पावसामुळे झालं’ म्हणाला, मग फोन उचलेना. आम्ही बिल, नकाशा, कापलेल्या खांबाचे फोटो आणि ताईंचा लेखी अहवाल जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. अशी तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पुरवठादार आता ‘बदलून देतो, जुने परत द्या’ असा निरोप पाठवतो आहे, पण आम्ही एकही खांब दिलेला नाही. पुरावा तोच आहे.

तुमच्याकडे असे खांब आधीच उभे असतील आणि कडेला उभी भेग, फुगलेलं व्हिनिअर किंवा बाक दिसत असेल, तर खिळे ठोकून किंवा फटीत गोंद भरून घेऊ नका. वरचं सामान उतरवा, खाली कोणाला बसू देऊ नका, प्रॉप लावून घ्या आणि इंजिनीअरला बोलवा.