कापूस भावाचा अंदाज: दोन बेझियन वाटांपैकी कोणती धरावी?

हिंगणघाट किंवा अकोल्याच्या कापूस भावावर प्रकल्प करणाऱ्यांच्या हाती साधारण असा ऐवज असतो: साधा लॅपटॉप, १२० महिन्यांचे आकडे आणि वीसेक मालिका. त्यांत कापूस, तूर, सोयाबीन, रुईचा जागतिक भाव, डॉलर, डिझेल, महागाई, व्याजदर असं सगळं येतं.

साधं व्हीएआर, म्हणजे प्रत्येक मालिकेचा अंदाज सगळ्या मालिकांच्या मागच्या आकड्यांवरून काढणारं मॉडेल, इथे चालत नाही. ख्रिस्तोफर सिम्स यांनी १९८० मध्ये मांडलेली ही पद्धत चार-पाच मालिकांना पुरते. वीस मालिका आणि बारा लॅग (मागचे बारा महिने) घेतले की एकेका समीकरणात २४१ गुणक येतात, आणि महिने तर १२०च!

बेझियन पद्धतीत गुणकांबद्दल आधीच एक समजूत (प्रायर) धरतात आणि ती आकड्यांशी जुळवतात. पहिली बेझियन वाट म्हणजे मिनेसोटा नावाचा प्रायर, संयुग्मी रूपात, म्हणजे गणित सूत्रात सुटेल अशा रूपात. भाव मागच्या महिन्याच्या आसपासच राहील असं धरायचं आणि बाकीचे गुणक शून्याकडे ओढायचे. उत्तर थेट सूत्रातून, काही सेकंदांत मिळतं. बानबुरा, जानोने आणि राइशलिन यांनी २०१० मध्ये १३१ मालिकांवर हे करून दाखवलं. मालिका वाढतील तसा प्रायर घट्ट करायचा. मात्र सगळ्या समीकरणांना एकाच मापाने आवळावं लागतं. जागतिक भाव हिंगणघाटला हलवतो, हिंगणघाट जगाला नाही, हे मॉडेलला सांगायची सोयच उरत नाही.

दुसरी वाट गिब्ज सॅम्पलिंगची, म्हणजे अज्ञात संख्या आळीपाळीने पुन्हापुन्हा यादृच्छिक काढून उत्तर गाठायची; तीही बदलती अस्थिरता धरून, म्हणजे चढउतार काही काळ जास्त, काही काळ कमी असतात असं मानून. वेळ जास्त लागतो. कॅरिएरो, क्लार्क आणि मार्चेलिनो यांच्या २०१९ च्या पद्धतीने एकेक समीकरण सोडवलं तर लॅपटॉपवरही जमतं. कोड घेताना या पद्धतीतली २०२२ ची दुरुस्ती त्यात आहे ना, ते बघा. २०२० ची टाळेबंदी आणि २०२२ मध्ये क्विंटलला १०,००० च्या वर गेलेला भाव हे महिने इतर महिन्यांसारखे धरले, तर शांत काळातलाही अंदाजाचा पट्टा (भाव ज्या दोन टोकांत राहील असं वाटतं ते अंतर) उगाच रुंद होतो; बदलती अस्थिरता धरली की हे टळतं. शिवाय पावसाळ्यात आवक जवळपास थांबते आणि मालिकेत भोकं पडतात. गिब्जमध्ये ते महिनेही अज्ञात धरून सोबतच काढता येतात. फरदडीच्या (मुख्य वेचणीनंतरही शेतात ठेवलेल्या कापसाच्या उशिराच्या पिकाच्या) दिवसांत मात्र जपा: तिथे भाव पडलेला दिसतो तो बऱ्याचदा प्रतीमुळे, आणि हे कुठलंच मॉडेल आपणहून ओळखत नाही.

भाव चढेल की उतरेल एवढंच हवं असेल तर पहिली वाट पुरे. पण शेतकऱ्याचा प्रश्न डिसेंबरात विकू की मार्चपर्यंत थांबू, असा असतो. थांबण्यातली जोखीम पट्ट्याच्या रुंदीवरूनच कळते, म्हणून मी दुसरी घेईन आणि पहिलीचे अंदाज पडताळ्याला शेजारी ठेवीन.