काळी गाडी घेतलीय ना, मग हे वाचाच

आधी सोसायटीत एक जण रोज एकच बादली आणि एकच फडकं घेऊन दहा गाड्या पुसायचा, त्यात माझीही, आणि वर्षभरात बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसायला लागले. मग स्वतःच सुरू केलं.

थ्रीएमचा शाम्पू घेतला, बादलीत थोडासाच टाकला तरी फेस भरपूर आणि हात सरसर फिरतो. भांड्याचा साबण वापरू नका हां, चिकट डाग काढता काढता वॅक्सपण धुवून नेतो. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) दर वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा म्हणजे माती परत पेंटवर घासली जात नाही.

फॉर्म्युला वन ब्रँडचं कार्नोबा वॅक्स (ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं मेण असतं ते) सावलीत, गार पत्र्यावर एकदम पातळ लावा. मी पहिल्यांदा उन्हात थापलं, पुसताना खांदा निखळायची वेळ आली! चमक मस्त, पण ओरखडे जात नाहीत, फक्त थोडे झाकले जातात, ते घालवायला पॉलिश लागतं. पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्यात पाण्याचे थेंब टपोरे राहायचे बंद झाले, म्हणजे वॅक्स उतरलं, परत लावलं. बोअरचं पाणी असेल तर धुतल्यावर लगेच पुसा, नाहीतर क्षारांचे डाग राहतात.