नॅशनल हेल्थ अकाउंट्स रिपोर्ट वाचायचा तर असा वाचा

आपल्या देशात दवाखान्याचा खर्च नक्की कोण उचलतं, सरकार, विमा कंपनी की आपण स्वतः, याचा सगळा हिशोब एका जागी बघायचा असेल तर नॅशनल हेल्थ अकाउंट्स एस्टिमेट्स हा रिपोर्ट उघडायचा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी एनएचएसआरसी (नॅशनल हेल्थ सिस्टिम्स रिसोर्स सेंटर) ही संस्था तो बनवते, पीडीएफ फुकट मिळते. मी वाचलाय तो २०२१-२२ चा, जो सप्टेंबर २०२४ मध्ये २०२०-२१ च्या रिपोर्टसोबतच बाहेर आला. माझं मत आधीच सांगून टाकते, रिपोर्ट खरंच कामाचा आहे आणि त्यामागे प्रचंड मेहनत आहे, पण त्यातला जो आकडा सगळ्यात जास्त फिरतो तोच सगळ्यात जपून वाचायला पाहिजे.

तो आकडा म्हणजे ३९.४ टक्के. एकूण आरोग्य खर्चातला एवढा भाग लोकांनी थेट खिशातून भरला असं रिपोर्ट म्हणतो. २०१३-१४ ला हाच भाग ६४.२ टक्के होता, आणि त्याच काळात सरकारचा वाटा २८.६ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. बातम्यांत हेच येतं, भाषणांत हेच येतं, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये पण हेच. आता टक्के सोडा आणि दरडोई रुपये बघा. २०१३-१४ ला माणशी २,३३६ रुपये खिशातून जात होते, २०२१-२२ ला २,६००. म्हणजे रुपये काही कमी झाले नाहीत, एकूण खर्चच माणशी ३,६३८ वरून ६,६०२ वर गेला म्हणून आपला वाटा लहान दिसतोय. महागाई धरली तर तेव्हाचे २,३३६ नंतरच्या भावाने बरेच जास्त भरतात, त्यामुळे ओझं हलकं झालं हे म्हणणं चूक नाही, पण ६४ चे ३९ झाले असं ऐकल्यावर डोळ्यासमोर जे येतं तेवढं हलकं नाही झालेलं.

बरं ही घसरण दरवर्षी थोडी थोडी झालीय का, तर नाही. २०१६-१७ ला ५८.७ आणि लगेच पुढच्या वर्षी ४८.८, एका वर्षात जवळजवळ दहा टक्के पॉइंट खाली. त्या एका वर्षात देशातल्या दवाखान्यांत असं काय झालं असेल? उत्तर मेथडॉलॉजीच्या भागात सापडतं. खिशातला खर्च काही कोणत्या सरकारी खात्यात नोंदलेला नसतो, तो घरोघरी जाऊन विचारावा लागतो, आणि ते काम एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा, सर्व्हे फेऱ्याफेऱ्यांनी करतो. २०१६-१७ पर्यंतचे आकडे जानेवारी ते जून २०१४ च्या ७१ व्या फेरीवर उभे होते, २०१७-१८ पासून जुलै २०१७ ते जून २०१८ ची ७५ वी फेरी वापरली. सर्व्हे बदलला आणि आकडा धाडकन खाली आला. ७५ व्या फेरीत आजारपण आणि ॲडमिट होणं दोन्ही कमी नोंदलं गेलं, यावर आरोग्य क्षेत्रातल्या अभ्यासकांनी तेव्हाच प्रश्न उपस्थित केले होते. आणि त्यानंतरची सगळी वर्षं, अगदी कोविडची सुद्धा, त्याच ७५ व्या फेरीवरून पुढे नेलेली आहेत. विचार करा, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये लोकांनी ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, बेडचं डिपॉझिट यासाठी दागिने मोडले, आणि त्या वर्षीच्या खिशातल्या खर्चाचा पाया २०१७-१८ मध्ये विचारलेल्या प्रश्नांचा. मला हे फार खुपतं. रिपोर्टने हे लपवलेलं नाही, पद्धत स्वच्छ लिहून दिलीय, पण तो भाग वाचायच्या आधीच हेडलाइन पुढे निघून जाते.

सरकारी खर्चाच्या आकड्यालाही हाच चष्मा लावा. जीडीपीच्या १.८४ टक्के हा सरकारी खर्च तोवरच्या सगळ्या रिपोर्टमधला सर्वात जास्त, २०१३-१४ ला १.१५ होता. पण हे लसीचं वर्ष आहे, केंद्राने त्या वर्षीच्या बजेटमध्ये फक्त लसीसाठी ३५,००० कोटी ठेवले होते. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने २०२५ पर्यंत २.५ टक्के करू असं लिहून दिलं होतं, तर कोविडच्या वर्षात सुद्धा आपण तिथून बरेच लांब होतो.

एका गोष्टीसाठी मात्र या रिपोर्टला पूर्ण मार्क. आरोग्य खर्चात काय धरायचं आणि काय नाही याची हद्द पक्की आहे, सिस्टिम ऑफ हेल्थ अकाउंट्स २०११ या जागतिक चौकटीप्रमाणे. आठवत असेल तर २०२१-२२ च्या केंद्रीय बजेटमध्ये आरोग्य आणि कल्याणासाठी २,२३,८४६ कोटी, १३७ टक्के वाढ, असं जाहीर झालं होतं. त्यात पिण्याचं पाणी होतं, स्वच्छता होती, पोषण होतं. आरोग्य मंत्रालयाला स्वतःला होते ७३,९३२ कोटी. पाणी महत्त्वाचंच आहे, प्रश्न तो नाही, पण यावर्षी एक हद्द आणि पुढच्या वर्षी दुसरी असं केलं की तुलनाच करता येत नाही, आणि हा रिपोर्ट ती हद्द सांभाळतो.

आता ते खिशातला खर्च म्हणजे नक्की काय ते बघा, कारण इथे खूप लोकांचा गोंधळ होतो. आरोग्य विम्याचा हप्ता यात येत नाही, तो खाजगी विम्याच्या खात्यात जातो, २०२१-२२ ला तो भाग ७.४ टक्के होता. पैसे बऱ्याच वेळा आपलेच, नाव वेगळं. वर त्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता, वैयक्तिक पॉलिसीवरचा तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, ते फार आधी व्हायला हवं होतं. इन्कम टॅक्सवरचा ४ टक्के हेल्थ अँड एज्युकेशन सेस पण आपणच भरतो, तो सरकारच्या बाजूला दिसतो.

आणि जे खिशातल्या खर्चात येतं ते कसं असतं हे आमच्या घरात बघितलंय. नातेवाईक सरकारी आरोग्य योजनेत ॲडमिट, ऑपरेशन फुकट, बेड फुकट, आणि दर थोड्या वेळाने नर्सच्या हातून एक चिठ्ठी, हे बाहेरच्या मेडिकलमधून आणा, सलाइनचा सेट, अँटिबायोटिक, ड्रेसिंगचं सामान. डिस्चार्जच्या कागदावर भरलेली रक्कम शून्य आणि माझ्या पर्समध्ये मेडिकलच्या पावत्यांची जाडजूड घडी. त्या पावत्यांचे पैसे आम्हाला कोणी परत दिले नाहीत, योजनेत ते बसायला हवे होते हे आम्हाला नंतर कळलं. देशभरच्या अशा पावत्या या रिपोर्टमध्ये सापडतात. मागच्या टेबलांमध्ये एक मोठा चौकोन आहे, त्यात पैसा कुठून आला आणि कोणाकडे गेला हे दोन्ही एकत्र लावलंय, त्यात कुटुंबांचा पैसा मेडिकल दुकानांकडे किती गेला ते बघा. आधीच्या काही वर्षांत चालू आरोग्य खर्चातला (म्हणजे इमारती, यंत्रं असा भांडवली खर्च सोडून) पाचव्या हिश्शाच्या आसपासचा पैसा फार्मसीकडे जात होता. आपल्याकडे चर्चा होते ती मोठ्या ऑपरेशनची, पण घर पोखरलं जातं ते रोजच्या गोळ्यांनी, बीपी, शुगर, थायरॉइड. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कव्हर दीड लाखावरून पाच लाख झालं, २०२३ च्या निर्णयाने सगळ्यांसाठी खुली झाली, चांगलंच झालं, पण ती मुख्यतः ॲडमिट झाल्यावरची योजना आहे, ओपीडीच्या गोळ्या तिच्या बाहेर राहतात.

राज्यांच्या टेबलांसाठी एक सावधगिरी. २०१९-२० च्या रिपोर्टमध्ये खिशातल्या खर्चाचा वाटा उत्तर प्रदेशात ७१.३ टक्के, केरळमध्ये ६७.९. आकडे शेजारी शेजारी, परिस्थिती अजिबात सारखी नाही. केरळमध्ये म्हातारी माणसं जास्त, लोक वेळेवर डॉक्टरकडे जातात, खाजगीत पण जातात. उत्तर प्रदेशात सरकारी खर्चच माणशी तुटपुंजा. म्हणून राज्यांची तुलना करताना टक्केवारीसोबत दरडोई सरकारी खर्च बघाच, नाहीतर केरळला नापास करून मोकळे व्हाल.

तक्रारी आहेत. सगळी टेबलं पीडीएफमध्ये अडकलेली, कॉपी केली की कॉलम विस्कटतात, रिझर्व्ह बँक राज्यांच्या बजेटचा अभ्यास काढते तिच्यासोबत एक्सेल मिळतं मग इथे का नाही. मराठीत नाही. जिल्ह्याचं काहीच नाही, गडचिरोली आणि पुणे एकाच महाराष्ट्राच्या ओळीत. आपल्या जिल्ह्यासाठी काय आलं हे शोधायचं तर राज्याच्या बजेटमध्ये लेखाशीर्ष (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) २२१०, २२११ आणि बांधकामासाठी ४२१० असं धरून खणत बसावं लागतं, आणि तिथे अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे रकाने आहेत हे माहीत नसेल तर माणूस नुसत्या अंदाजाच्या रकान्यावर खुश होऊन बाहेर पडतो. शिवाय उशीर, २०२१-२२ चा हिशोब अडीच वर्षांनी हातात.

एनएसएसची आरोग्यावरची ८० वी फेरी जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यावर आधारलेला पहिला रिपोर्ट येईल तेव्हा आकडा वर जाऊ दे नाहीतर खाली, सर्व्हे बदलल्यामुळे किती फरक पडला आणि खरोखर खर्च बदलल्यामुळे किती, हे एनएचएसआरसीने पहिल्या पानावरच वेगळं करून सांगावं, मागच्या टेबलाखाली बारीक टाइपात नको.