नील, कियान की रियान? आयर्लंडात मुलगा होणार असेल तर

भावाच्या घरी सप्टेंबरमध्ये पाळणा हलणार आहे, मुलगाय हे स्कॅनमध्येच सांगितलं (डब्लिनला सांगतात हो, आपल्याकडे तो गुन्हा आहे), आणि आत्या मी, म्हणजे बारशाला कानात नाव मीच सांगणार, त्यामुळे महिनाभर डोकं नुसतं भंजाळलंय. अट एकच: नाव मुळात आयरिश हवं आणि मिरजेच्या आजीची जीभ अडखळायला नको. ही अट लावली की ओशीन, टायग वगैरे मंडळी आपोआप गळतात. टायगचं स्पेलिंग टी-ए-डी-एच-जी आहे, आजीचं सोडा, मलाच ते वाचायला यायला वर्ष लागलं. उरली तीन.

पहिलं नील. घरातली निम्मी मतं यालाच, कारण हे तर आपलंच नाव! पण इथला नील आणि आपला नील यांचं काहीएक नातं नाही, नुसता उच्चार जुळलाय. इथलं मूळ नाव नायल. पाचव्या शतकाच्या आसपासचा ‘नऊ ओलिसांचा नायल’ म्हणून एक राजा सांगतात, त्याच्या वंशाने उत्तरेकडे कित्येक शतकं सत्ता गाजवली, ओ'नील आडनाव मात्र त्याच्याच वंशातल्या, दहाव्या शतकातल्या दुसऱ्या एका नायलवरून आलंय. अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही, कुणी ढग म्हणतं कुणी वीर. पुढे व्हायकिंगांनी हे नाव आइसलंडला नेलं, मग नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडात पोचलं आणि तिथल्या लॅटिन लिहिणाऱ्यांना वाटलं की हे ‘काळा’ या अर्थाच्या शब्दावरून आलंय, म्हणून त्यांनी नायजेलस लिहिलं आणि त्याचं झालं नायजेल. म्हणजे तिकडे काळा रंग चुकून चिकटला, आणि आपल्या संस्कृतातल्या नीलमध्ये मात्र गडद निळा-काळा खरोखरच आहे!

अडचण स्पेलिंगची. एन-ई-आय-एल लिहिलं तर नील वाचतील, पण ते इथे काकालोकांचं नाव वाटतं, माझ्या ऑफिसात दोन नील आहेत आणि दोघंही पेन्शनच्या गप्पा मारतात. एन-आय-ए-डबल-एल लिहिलं तर तरुण वाटतं, वन डायरेक्शन बँडमधला गायक नायल होरन आठवतो, पण मग हाक ‘नायल’ अशीच येणार. घरी नील, शाळेत नायल, हे मला नाही पटत.

दुसरं कियान. आयरिश स्पेलिंग सी-आय-ए-एन, उच्चार ‘कीअन’, अर्थ प्राचीन, पुराणा. पुराणकथेत लूग नावाच्या पराक्रमी देवाचा बाप कीअन. आयरिशमध्ये सी म्हणजे नेहमी क, म्हणून के लिहायची गरजच नाही, तरी के लावणारेही आहेत, वेस्टलाइफ या आयरिश बँडमधला कियान इगन तसाच. इराणी लोकांतही कियान आहे पण ते वेगळं, त्यांच्या जुन्या राजघराण्यावरून आलेलं. आणि आपल्याकडच्या नावांच्या साइटवर ‘कियान: संस्कृत, देवाची कृपा’ असं छापतात ना, त्यावर विश्वास ठेवू नका. नाव मला आवडतं, खरंच. पण भावाने फॅमिली ग्रुपवर सी वालं स्पेलिंग टाकलं आणि ठाण्याच्या काकांनी लगेच विचारलं, ‘बाळाचं नाव सायन? दादर, माटुंगा, सायन?’ तेव्हापासून वहिनी ते नाव ऐकूनही घेत नाही.

तिसरं रियान, आणि माझं मत यालाच. आयरिशमध्ये ‘री’ म्हणजे राजा, रीअन म्हणजे छोटा राजा. आणि हा ‘री’ आपल्या ‘राजा’चा खरा भाऊबंद आहे, लॅटिनमधला रेक्सही त्यातलाच, तिघांचं मूळ एकच. नीलसारखा योगायोग नाही हा! इथे गेली काही वर्षं हे नाव बाळांच्या यादीत चांगलं वर आहे, म्हणजे वर्गात आणखी एक-दोन रियान भेटतील, ती तयारी ठेवा. आपल्याकडे रितेश-जेनेलियाच्या मुलामुळे सगळ्यांच्या कानावर आहेच. अरबीतला रय्यान वेगळा, त्याचा याच्याशी घोळ करू नका.

रायन नको का, असं विचारणारे भेटतात. रायन हे मुळात टिपररीकडचं आडनाव, ते अमेरिकेत पहिलं नाव म्हणून गाजलं. इथे रायन ठेवलंत तर पोराला रायनएअर म्हणून चिडवणार, विमान लेट झालं की त्यालाच बोलणार. (वराडकर आडनावाचा पंतप्रधान पचवलेला देश आहे हा, आपल्या आडनावाची काळजी नको, पण पोरं ती पोरंच.)

एक मात्र सांभाळा. रियानच्या आर-आय-ए-एन या स्पेलिंगमध्ये आय या अक्षरावर तिरकी रेघ असते, तिला इथे फाडा म्हणतात. ती रेघ गेली की आयरिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ होतो खूण, माग, वाट. म्हणजे आपल्याकडे वेलांटीत दिन आणि दीन होतं ना, तसंच. वाईट अर्थ नाही, पण राजा गेला तो गेलाच. विमानाच्या तिकिटावर ती रेघ उडते, त्याला इलाज नाही. जन्मनोंदणीला इथे तीन महिने मिळतात, तेव्हा फॉर्मवर रेघ स्वतः बघून द्या, भावाला मी आत्तापासूनच बजावून ठेवलंय.