एपीएलए टेस्ट: घरी सॅम्पल द्यायचं की लॅबला जायचं?

चिठ्ठीवर नुसतं एपीएलए, म्हणजे रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडींची तपासणी, एवढंच लिहिलं असेल तर बुक करायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या की त्यातल्या तिन्ही टेस्ट हव्यात ना, कारण काही लॅबच्या यादीत त्या नावाखाली फॉस्फोलिपिड अँटिबॉडीची एकच टेस्ट असते आणि स्वस्त दिसते म्हणून आपण तीच करून मोकळे होतो. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे या अँटिबॉडींमुळे गुठळ्या होण्याचा आजार, ठरवायला धरतात त्या तीन वेगळ्या, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन.

शेवटच्या दोन्हींना साधं सिरम लागतं, रक्त पातळ करायची गोळी चालू असली तरी सहसा फरक पडत नाही, त्यामुळे खुशाल घरी माणूस बोलवा. आयजीजी आणि आयजीएम हे अँटिबॉडीचे दोन्ही प्रकार करा, पण आकडा थोडासाच वर आला तर लगेच घाबरू नका, इन्फेक्शननंतरही तात्पुरता वाढतो. ४० युनिटच्या वर गेला तर डॉक्टर जास्त गंभीरपणे बघतात, आणि हा आजार ठरवायच्या २०२३ च्या निकषांत एकट्या आयजीएमला फारच कमी गुण आहेत.

ल्युपसवाली मात्र तिघींत सगळ्यात नाजूक, आणि गुठळीचा धोका सगळ्यात जास्त सांगणारीही तीच. यात अँटिबॉडी थेट मोजत नाहीत, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गोठायला किती वेळ लागतो ते बघतात, डीआरव्हीव्हीटी आणि एपीटीटी अशा दोन पद्धतींनी. निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरायला हवी आणि साधारण ४ तासांत दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा, नाहीतर राहिलेल्या प्लेटलेट्समुळे खरं पॉझिटिव्ह झाकलं जातं. आता ठाण्याच्या कासारवडवलीत सकाळी रक्त घेतलेला मुलगा अजून चार घरं करून घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून कधी पोचणार सांगा! ही एक तरी जिथे प्लाझ्मा तिथल्या तिथे वेगळा करतात तिथेच जाऊन द्या, ठाणे असो की वाशी-नेरूळ, फोनवर तेवढंच विचारा.

दुसरा प्रश्न रक्त पातळ करायच्या औषधाचा. शक्य असेल तर ल्युपसचं सॅम्पल औषध सुरू व्हायच्या आधी द्या. माझ्या वहिनीचं रिव्हारोक्साबॅन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असताना काढलं, पॉझिटिव्ह आलं, घरात सगळ्यांचा जीव टांगणीला, नंतर डॉक्टरांनी गोळी बंद केल्यावर परत केली तर निगेटिव्ह. पण म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करून टेस्टला जाऊ नका, त्यात खरंच जीव जाऊ शकतो, सॅम्पल कधी घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, फक्त लॅबच्या फॉर्मवर गोळीचं नाव नक्की लिहा.

पॉझिटिव्ह आलं तर किमान १२ आठवड्यांनी परत, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, वेगवेगळ्या किटचे आकडे जुळत नाहीत.

पैसे वाचवायला ल्युपसवाली वगळू नका एवढं मी कळकळीने सांगेन. तिन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांना धोका सर्वात जास्त, आणि अशाच पेशंटांवर रिव्हारोक्साबॅन आणि वॉरफेरिन या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांची तुलना करणारा इटलीतला अभ्यास मधेच थांबवावा लागला होता, रिव्हारोक्साबॅनवाल्यांना गुठळ्या जास्त होत होत्या म्हणून. तो २०१८ मध्ये छापून आला. म्हणजे पुढे गोळी कुठली हेसुद्धा या ल्युपसच्या रिपोर्टवर अवलंबून आहे.